खोकताना किती दुखतं?

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या तपासणीच्या खोलीत, ऑपरेशनच्या चार दिवस आधी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, साठी ओलांडलेले. खांदे अजून रुंद होते, पण वरचा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. शेजारी त्यांची बायको. ती वर्तकनगरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. तिला तिथे सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणू लागले.

काकांना तिशीत टीबी झालेला. औषधांनी तो बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी राहून गेली. इतक्या वर्षांनी त्या पोकळीत बुरशीचा गोळा धरला आणि काका रक्त खोकू लागले. आधी होडीत, मग घरी, आणि एकदा तर इतकं की मावशीनं त्यांच्या तोंडाखाली मासळीची पाटी धरली. सर्जननी सांगितलं, फुप्फुसाचा तेवढा भाग काढायला हवा. दुर्बिणीतून जमणार नव्हतं, कारण जुन्या टीबीनं फुप्फुस छातीला आतून चिकटून बसलेलं होतं. बरगड्या फाकवून छाती उघडावी लागणार होती.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनपुरती झोप देणं हा माझ्या कामाचा सोपा भाग. छातीच्या ऑपरेशनात अवघड भाग नंतर येतो. पाय मोडलेला माणूस पाय न हलवता पडून राहू शकतो, पण श्वास कोण थांबवणार? दर श्वासाला त्याच बरगड्या हलतात. दुखतं म्हणून पेशंट वरच्यावर श्वास घेतो, खोकायचं टाळतो, कफ आत साठतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून छातीच्या त्या बाजूच्या नसा काही दिवस बधिर करून ठेवायच्या असतात.

हे मी काकांना सांगितलं. म्हटलं, "काका, कण्याच्या बाजूनं नसा निघतात आणि बरगडीबरोबर पुढे छातीवर येतात. त्या बधिर करायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत सुई अगदी मणक्याशेजारी, नस निघते तिथपर्यंत न्यायची. नव्या पद्धतीत तेवढं खोल जायचं नाही. पाठीचा जाड स्नायू असतो त्याच्या खाली औषध सोडायचं, ते पसरत पसरत नसांपर्यंत जातं. दोन्हींत एक बारीक नळी तिथे ठेवून देतो, तीन-चार दिवस औषध चालू राहतं."

त्या वर्षी आमच्याकडे या दोन पद्धतींची तुलना चाललेली. तयार असेल त्या पेशंटची सही घ्यायची. ऑपरेशनच्या दिवशी बंद पाकीट फोडायचं. आत अ निघालं तर जुनी पद्धत, ब निघालं तर नवी. नंतर रोज दोनदा जाऊन विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? एकदा स्वस्थ पडल्यावर, एकदा खोकताना.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुज्या बापाला कनची दिली असतीस?"

कोणती बरी हे आम्हालाच माहीत नाही, म्हणून तर पाकीट. हे उत्तर मला द्यायला हवं होतं. मी हसून म्हणाले, "मी तर नवीच दिली असती. पण पाकिटात निघेल ती."

"मंग नवीच निगू दे," काका म्हणाले आणि सही केली.

मी असं का बोलले ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी मी कल्याणला एका छोट्या हॉस्पिटलात काम करायचे. तिथे स्तनाच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका बाईला मी जुन्या पद्धतीनं ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करायचं इंजेक्शन, दिला. मणक्याशेजारची जागा बोटभरही नसते, आणि तिच्या लगेच पुढे फुप्फुसाचं आवरण. माझी सुई जराशी पुढे गेली. अर्ध्या तासात बाईला दम लागला. छातीत हवा शिरून फुप्फुस मिटलं होतं. छातीत नळी घालावी लागली. चार दिवसांनी ती बरी होऊन घरी गेली आणि जाताना मला काही बोललीही नाही. पण त्यानंतर मणक्याशेजारी सुई न्यायची म्हटलं की माझी बोटं गार पडायची. नवी पद्धत आली तेव्हा माझी जणू सुटका झाली. सुई हाडाला टेकते तिथेच थांबायचं, फुप्फुस दूर. ती पद्धत जुनीइतकीच चांगली ठरावी असं मला मनापासून वाटायचं. ते शास्त्र नव्हतं, भीती होती, हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

मंगळवारी सकाळी पाकीट फोडलं. ब.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मी पाठीत नळी ठेवली. सुंदर बसली. ऑपरेशन मात्र लांबलं. फुप्फुस सगळीकडून चिकटलेलं, सोडवताना रक्त जात होतं, जागा मिळावी म्हणून सर्जनना एक बरगडी कापावी लागली. दुपारी काकांना आयसीयूत नेलं.

पेशंटला आकडा विचारणारा माणूस वेगळा हवा, कोणाला कोणती पद्धत दिली हे त्याला माहीत नसावं, असा आमचा नियम होता. ते काम जिच्याकडे होतं ती डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवर गेलेली. बदली मिळेपर्यंत ज्यानं ब्लॉक दिला त्यानंच विचारावं असं ठरलं. कोणाला त्यात फार वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

संध्याकाळी मी काकांजवळ गेले. स्पिरिटचा बोळा पाठीवर आणि कुशीवर फिरवून पाहिला. तिथे त्यांना गार लागत नव्हतं, म्हणजे ब्लॉक लागला होता. मग कागदावर लिहिलं, स्वस्थ पडल्यावर दोन, खोकताना तीन. चार किंवा जास्त आकडा आला तर ज्यादा इंजेक्शन द्यायचं, असं कागदावर छापलेलंच होतं. तीन म्हणजे काही करायची गरज नाही.

बुधवारी सकाळी तीन. संध्याकाळी तीन. गुरुवारीही दोन्ही वेळा तीन. मी काकांचा हात हातात घ्यायचे, विचारायचे, ते तीन म्हणायचे, मी म्हणायचे, "शाब्बास काका." तो आकडा ऐकून मला बरं वाटायचं.

बुधवारीच आयसीयूतल्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, यांना तीन बॉलचं मशीन दिलंय ना श्वास ओढायला. एकसुद्धा बॉल उचलत नाहीयेत."

"थकले असतील. बरगडी कापलीय," मी म्हणाले.

"हात बघा त्यांचे."

मी पाहिले. काकांनी पलंगाची कड धरून ठेवली होती. हाताच्या शिरा वर आलेल्या. पण मी विचारलं तसं त्यांनी हात सोडला, मान हलवली आणि म्हणाले, "तीनच हाय, बाय." खोकून दाखवा म्हटल्यावर त्यांनी घशातल्या घशात खाकरून दाखवलं. तो खोकला नव्हताच. छातीचा कोपरासुद्धा हलला नव्हता. वीस वर्षं या कामात काढलेल्या मला ते दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. मी तीन लिहिलं.

शुक्रवारी सकाळी काकांना ताप भरला. ऑक्सिजन खाली येऊ लागला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा, मुद्दाम राखून ठेवलेला भाग पांढरा दिसत होता. मी आयसीयूच्या दाराशी आले तर मावशी उभी. बाजारातून थेट आली असावी, पदर कमरेला खोचलेला.

"बाय, ते खोटा बोलतान," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"दुकत नाय बोलतान ना? खोटा हाय. एकदा पाकट माशाचा काटा पायात घुसला त्यांच्या. आरपार. किनाऱ्यापासून घरापर्यंत चालत आले, दारात बसले आनि बोलले, पानी दे. पाय बगितला तवा मना कळला." तिनं माझा हात धरला. तिची पकड चांगलीच घट्ट होती. "तू आकडा कशाला इचारतेस? त्यांच्या तोंडाकडं बग ना."

मला राग आला. तो तिच्यावर नव्हता, पण चेहऱ्यावर दिसला असणार, कारण तिनं लगेच हात सोडला.

मी आत गेले. काकांची चादर खाली केली, स्पिरिटचा बोळा घेतला. या वेळी पाठीवर थांबले नाही. कुशीवरून पुढे आणला, छातीवर, बरगड्या जिथे मधल्या हाडाला मिळतात तिथपर्यंत.

"गार लागतंय?"

"व्हय."

"इथे?"

"व्हय. गार हाय."

ऑपरेशनची चीर काखेखालून पुढे आलेली, रक्त-पाणी काढायची नळी पुढच्या बाजूला, आणि तिथली कातडी पूर्ण जागी होती. पाठीत सोडलेलं औषध पाठीतच राहिलं होतं. नसांपर्यंत ते पोचलंच नव्हतं, किंवा पहिल्या दिवशी थोडं पोचलं आणि नंतर बंद झालं. नव्या पद्धतीत हे होऊ शकतं हे आम्हाला माहीत होतं. म्हणूनच रोज पुढच्या बाजूनंही तपासायचं असतं. मंगळवारी मी पुढे तपासलं नव्हतं, बुधवारी-गुरुवारी तपासलंच नव्हतं. आकडा तीन होता, मग कशाला?

मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "मॉर्फिन वाढवलं तर श्वास अजून मंदावेल. तुझ्याकडे दुसरं काय आहे?"

दुसरं म्हणजे जुनी पद्धत. मणक्याशेजारी.

दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं असं मनात आलं. आमचे विभागप्रमुख त्या दिवशी वरच्या मजल्यावर ऑपरेशनला होते, दोन तास तरी मोकळे होणार नव्हते. काका मिनिटाला पस्तीस श्वास घेत होते. रक्त गोठू नये म्हणून देतात ते इंजेक्शन शेवटचं कधी दिलंय ते मी सिस्टरकडून तपासून घेतलं. सुई घालायला पुरेसा वेळ गेलेला होता. मग काकांना उठवून बसवलं. त्यांना पुढून धरायला कोणीतरी हवं होतं. मावशीला आत घेतलं, गाऊन चढवला. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी तिला धरलं.

माझी बोटं गार पडली होती. हातमोज्यांच्या आतही मला ते जाणवत होतं. पडद्यावर फुप्फुसाच्या आवरणाची पांढरी रेघ दिसत होती, श्वासाबरोबर भराभर सरकणारी. सुईचं टोक त्या रेघेच्या अलीकडे ठेवायचं. मी तीनदा सुई मागे घेतली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "घ्या वेळ, मॅडम." चौथ्या वेळी टोक हवं तिथे गेलं. औषध सोडलं तशी ती पांढरी रेघ हळूच खाली दबली. असंच दिसायला हवं असतं. मग नळी सरकवली, चिकटवली.

दहा-बारा मिनिटं काही झालं नाही. मग काकांनी मावशीच्या खांद्यावरून डोकं उचललं आणि श्वास घेतला. पूर्ण, खालपर्यंत. तीन दिवसांतला पहिला. आणि लगेच त्यांना खोकला आला. खराखुरा, सगळी छाती हलवणारा. घट्ट, काळपट कफ पडला. परत खोकले, परत पडला. मावशी भांडं धरून होती. काकांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. माणसाला एवढ्या समाधानानं खोकताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो समाधानाचा आवाज मला ऐकवेना. मी हात धुवायला बाहेर गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले.

उशीर झालाच होता. कफ निघाला तरी न्यूमोनिया आत धरलेला होता. शनिवारी दुपारी काकांचा श्वास पुरेना. घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. ती नळी मीच घातली. पाच दिवस ते मशीनवर होते. मावशी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून असायची. मी आत जाताना पाय जवळ घ्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

त्या दिवसांत मी ठाकुर्लीला घरी जायचे, स्वयंपाक करायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, गुंतागुंत होते कधी कधी. तूच म्हणतेस ना नेहमी?" मी म्हणतेच. पेशंटच्या नातेवाइकांना कितीदा म्हणाले असेन. ऐकून काही उपयोग होत नाही हे मात्र मला तेव्हा कळलं.

सहाव्या दिवशी काका मशीनवरून सुटले. आणखी आठवड्यानं त्यांना वॉर्डात हलवलं. एका दुपारी मावशी बाजारात गेलेली असताना मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"काका, खरं सांगा. त्या दिवसांत किती दुखत होतं?"

घशातल्या नळीनं त्यांचा आवाज फाटला होता. "किती म्हंजे काय सांगू? श्वास घेतला का वाटायचा, कोनीतरी सुरी आत ठेवून फिरवतंय. मंग मी श्वासच कमी केला."

"मग तीन का सांगत होतात? मी विचारत होते ना?"

त्यांनी घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाले, "पयल्या दिशी मी पाच बोललो. तुना आठवत नाय?"

मला आठवत नव्हतं. कागदावर तर तीन होतं. पण ते बोलले आणि ती संध्याकाळ माझ्यासमोर उभी राहिली. काका अर्धवट गुंगीत, मी वाकून विचारतेय, आणि ते म्हणतायत, पाच. आणि मी म्हणतेय, "पाच? नीट विचार करून सांगा हं काका. दहा म्हणजे सहनच होणार नाही असं. शून्य म्हणजे काहीच नाही. आता सांगा." आणि ते थोडं थांबून, माझ्याकडे बघून म्हणतायत, तीन.

"तुजा तोंड बारीक झाला पाच बोललो तवा," काका म्हणाले. "तीन बोललो तर खुलला. मी बोललो, जाऊ दे. ही पोर रोज येते, हात धरून इचारते, हिचा काहीतरी काम हाय. आपल्यामुळं कशाला बिगडायला पायजे? दुकना काय, आज ना उद्या जातोच."

त्यांनीच माझा हात थोपटला. त्यानं मला अधिकच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. याच सरांनी मला शिकवलं होतं; शिस्तीचे, पण ओरडणारे नव्हेत. मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "हे बघ, पेशंट सांगेल तो आकडा आपण लिहितो. आपण त्याच्या मनात शिरू शकत नाही. काही लोक दुखणं लपवतात, काही वाढवून सांगतात. दोन्ही पद्धतींच्या पेशंटांत तसे निघतात."

"सर, त्यांनी पाच सांगितलं होतं. मी परत विचारलं आणि तीन लिहिलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुद्दाम?"

"मुद्दाम नाही. पण मला तीन हवं होतं."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लेखी दे."

मी लेखी दिलं. मीच ब्लॉक दिला, मीच आकडे विचारले, पहिला आकडा बदलवून घेतला, पुढच्या बाजूची तपासणी केली नाही. अशा तुलनांवर देखरेख करणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीपुढे ते गेलं. तिथे मला कोणी वाईट बोललं नाही, पण ज्या ज्या पेशंटना आमच्यापैकी एकाच डॉक्टरनं ब्लॉक देऊन आकडाही विचारला होता, त्या सगळ्यांचे कागद तुलनेतून बाजूला काढायचे ठरले. त्यात माझे होते तसे माझ्या एका सहकाऱ्याचेही होते. त्यानं दीड वर्ष त्यावर मेहनत घेतली होती. तो मला जिन्यात भेटला. म्हणाला, "एका पेशंटपायी? तो जगला ना?" त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही.

मला तुलनेतून काढलं. त्याआधी माझ्या हातच्या जुन्या कागदांचा गठ्ठा मी एकदा चाळला. तीन, तीन, दोन, तीन. सगळं माझ्याच अक्षरात. यातले खरे किती? राहवलं नाही म्हणून टिटवाळ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना फोन केला. त्यांचंही तसंच ऑपरेशन झालं होतं, तीच नवी पद्धत, आणि आकडे सगळे दोन-तीन.

"बाई, तुम्हाला त्या वेळी खरंच एवढं कमी दुखत होतं का?"

त्या हसल्या. "आता कसं सांगू हो? दुखलं असेल. पण मला आठवतं ते एवढंच की मी दुसऱ्या दिवशी चालले. तुम्हीच मला चालवलंत की. का, काय झालं?"

"काही नाही, सहज," मी म्हणाले. त्यांना कदाचित खरोखरच आराम पडला होता. नवी पद्धत वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. अनेकांना ती छान लागू पडते. पण माझ्या हाती आलेल्या आकड्यांवरून मला काहीच कळणार नव्हतं. मी गठ्ठा परत दिला. दुसऱ्या कोणाला फोन केला नाही.

काका महिन्याभरानं घरी गेले. रक्त पडायचं थांबलं, तेवढं ऑपरेशन यशस्वी झालं. पण तीन महिन्यांनी मावशी त्यांना घेऊन मी चालवते त्या वेदनांच्या ओपीडीत आली. चीर कधीच भरून आलेली, वरून काही दिसत नव्हतं. पण चिरेच्या खाली, काखेपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात आग होत होती. कपडा लागला तरी. मावशीनं त्यांच्या बनियनची उजवी बाजू काखेपासून खालपर्यंत कापून टाकली होती, कडेला दोरा घालून शिवूनही घेतली होती, नीट, बारीक टाक्यांनी.

छातीच्या ऑपरेशननंतर असं दुखणं काही लोकांना राहून जातं. पहिल्या दिवसांत दुखणं आवरलं नाही तर ते राहण्याची शक्यता वाढते असं आम्ही शिकतो. कापलेल्या बरगडीमुळेही राहू शकतं. दोन्हीमुळे असेल. नक्की कशामुळे, हे कोणी सांगू शकणार नाही.

"माझ्यामुळे असू शकतं हे, मावशी," मी म्हणाले. तिला हे स्पष्ट सांगायचं मी ठरवूनच ठेवलं होतं.

मावशीनं काकांचा शर्ट उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला. "माहीत हाय मना," ती म्हणाली. "आता काय करशील ते सांग."

मी नसांच्या दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या. पहिल्या गोळीनं काका दिवसभर झोपायचे, ती बदलली. दुसरीनं तोंड कोरडं पडायचं, पण आग थोडी उतरली. दोनदा त्या पट्ट्यातल्या नसांना इंजेक्शन दिलं. एकदा गुण आला, एकदा नाही. होडी काकांनी पुतण्याला दिली. भरतीच्या वेळी जेटीपर्यंत चालत जातात, तिथे बसतात, मध्ये दोनदा थांबून परत येतात. सुरुवातीला मावशी दर वेळी बरोबर यायची. आता कधी येते, कधी नाही. आली की माझ्यासाठी काही आणत नाही. सिस्टरांना मात्र कधीमधी बोंबील देते. ते माझ्या मनाला लागतं, आणि ती असं का करते हेही मी ओळखून आहे.

काम मी सोडलं नाही. छातीच्या पेशंटना ब्लॉक अजूनही मीच देते, दोन्ही पद्धतींनी, ज्याला जो योग्य वाटेल तो. मणक्याशेजारी सुई न्यायची वेळ आली तर बोटं गार पडतात. मी थोडं थांबते आणि देते. दुसऱ्या दिवशी आकडा विचारायला मात्र सिस्टरांना पाठवते आणि मी दाराबाहेरून नुसती बघत उभी राहते. पेशंट पलंगावर वळताना कसा वळतो, खोकताना हात कुठे जातो.

मागच्या आठवड्यात काका आले होते. एकटेच. बसताना त्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चाललाय. शनिवारी बरा होता. रविवारी पुतण्याच्या लग्नात कडक इस्त्रीचा शर्ट घातला, तवापासून परत आग."

"शर्ट कशाला घातलात?"

"अगो, लग्नात काय उगडा जाऊ?"

मी गोळीचा डोस थोडा वाढवला. जेवणानंतर घ्यायची, घेतल्यावर लगेच जिना उतरायचा नाही, हे दोनदा बजावलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून डाव्या खिशात ठेवली, दाराशी जाऊन एक दम घेतला आणि लिफ्टच्या बाजूला वळले.